‘वाईट विचार येत नाहीत ना?’ असं विचारू नका

मुंबईतल्या मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात सकाळचा राऊंड साधारण असा चालतो. खाटेभोवती सात-आठ माणसं उभी: युनिटचे मोठे डॉक्टर, दोन-तीन रेसिडेंट, इंटर्न, सिस्टर, कधी सोशल वर्कर. शेजारच्या खाटेवरचा पेशंट आणि त्याच्यासोबतचा नातेवाईक कान देऊन ऐकतायत. झोप लागली का, जेवण जातंय का, औषधानं काही त्रास होतोय का, आणि मग त्याच दमात, ‘मनात वाईट विचार येत नाहीत ना?’ पेशंट मान हलवतो. ‘नाही.’ केसपेपरवर ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ या अर्थाची अर्धी ओळ पडते आणि सगळे पुढच्या खाटेकडे सरकतात.

त्या अर्ध्या ओळीवर पुढचे चोवीस तास उभे असतात. नजर किती ठेवायची, सोबत माणूस लागेल का, दोन दिवसांसाठी घरी सोडायचं का, डिस्चार्ज कधी द्यायचा, हे सगळं तिच्यावरून ठरतं. आणि ती ओळ मिळवण्याची पद्धत इतकी कच्ची आहे की तिच्यावर एक दिवसही विसंबू नये. वॉर्डात पेशंट दगावतो तेव्हा माहिती नव्हती असं फार क्वचित असतं. ती कुणाकडे तरी असते, ज्याला निर्णय घ्यायचा असतो त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. ती पोचावी कशी, याबद्दल हे लिहितोय.

आधी त्या प्रश्नाबद्दल. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावला की उत्तर आपणच देऊन ठेवतो. ‘जेवलास ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला जोर लागतो, तसाच ‘येत नाहीत ना?’ला ‘येतात’ म्हणायला लागतो. आणि ज्याच्या अंगात तोंड धुण्याचं त्राण नाही त्याच्याकडून तो जोर आपण मागतो. हे केवळ भाषेच्या जाणकारांचं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आणि पेशंट यांच्या संभाषणांची रेकॉर्डिंग तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आत्महत्येविषयीच्या दर चार प्रश्नांपैकी तीन ‘नाही’ हेच उत्तर मागणारे निघाले, आणि तसं विचारलं की पेशंट ‘नाही’ म्हणण्याची शक्यता वाढते असंही दिसलं.

दुसरी अडचण ‘वाईट विचार’ या शब्दांची. ऐकणाऱ्याच्या मनात त्याचे दहा अर्थ होतात. कुणाला वाटतं डॉक्टर बाईच्या नादाबद्दल विचारतायत, कुणाला वाटतं दुसऱ्याचं वाईट चिंतण्याबद्दल. देवभोळ्या म्हाताऱ्या बाईला तो पापाचा प्रश्न वाटतो आणि ती कानाला हात लावते. ‘जिवाचं बरंवाईट’ हाही तसाच गुळमुळीत शब्दप्रयोग. मरणाबद्दल विचारायचं असेल तर ‘मरण’ हा शब्द तोंडात यायला हवा. विचारल्यानं विचार पेरला जातो ही भीती अजून वॉर्डावॉर्डांत आहे. पण या गोष्टीवर वेगवेगळ्या देशांत अभ्यास झाले आहेत आणि विचारल्यानं विचार वाढल्याचं त्यांत आढळलेलं नाही. बहुतेकांना उलट हायसं वाटतं, कारण ते शब्द कुणीतरी आधी उच्चारले.

तिसरी अडचण ‘हो’ची किंमत. पेशंट मूर्ख नसतो. ‘हो’ म्हटलं की डिस्चार्ज पुढे जाणार, खाट नर्सिंग स्टेशनसमोर हलवणार, मोबाइल आणि पट्टा काढून घेणार, बायकोला बोलावून सगळ्यांसमोर सांगणार, हे त्यानं शेजारच्या खाटेवर पाहिलेलं असतं. प्रयत्न करून दाखल झालेल्याच्या मनात आणखी एक भीती असते, पोलिसांची. कॅज्युअल्टीत त्याची पोलिस केस म्हणून नोंद झालेली असते, चौकीतून कुणीतरी जबाब घेऊन गेलेलं असतं. त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं की २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून अडवण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न एवढाच तिथे गुन्हा आहे. सांगायला दोन मिनिटं लागतात. दाखल झाल्याच्या पहिल्या दिवशीच सांगावं.

‘नाही’ या उत्तराचं वजन किती, याचा एक आकडा मानसोपचार वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावा. अमेरिकेत रुग्णालयात असताना किंवा सुटल्यावर लगेच आत्महत्येनं मरण पावलेल्या ७६ पेशंटच्या नोंदी तपासून २००३ मध्ये एक लेख छापून आला. ज्यांच्या शेवटच्या बोलण्याची नोंद होती त्यांतल्या ७८ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार नाकारले होते. त्याच नोंदींत ७९ टक्के जणांमध्ये शेवटच्या आठवड्यात तीव्र घालमेल किंवा अस्वस्थता दिसत होती. म्हणजे तोंड ‘नाही’ म्हणत होतं आणि शरीर दुसरंच काही सांगत होतं. रात्री तीनला उठून पॅसेजमध्ये येरझारा, हात चोळणं, ताटावरून दोनदा उठणं, ‘छातीत कसंतरी होतंय, आत काहीतरी ढवळतंय’ असं म्हणणं, या गोष्टी ‘विचार आहेत का’च्या उत्तराइतक्याच ठळकपणे लिहायला हव्यात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची. मनोविकारावरच्या काही औषधांनी, विशेषतः डोस सुरू करताना किंवा वाढवताना, पाय एका जागी ठेवता येत नाहीत. माणूस बसला की उठतो, उठला की बसतो, उभ्या उभ्या पाय हलवत राहतो. याला अकाथिसिया म्हणतात. ज्याला हे होतं त्याला ते सोसवत नाही, ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असं तो खरोखर म्हणतो. केसपेपरवर मात्र ‘अस्वस्थ, आजार वाढला’ असं पडतं आणि तेच औषध वाढवलं जातं. ‘अस्वस्थपणा मनात जास्त आहे की पायांत? औषध बदलल्यावर सुरू झाला की आधीपासून होता?’ हे दोन प्रश्न सिस्टरनं विचारले आणि त्याच दुपारी डॉक्टरांना सांगितले, तरी चूक बहुतेक वेळा हातात येते. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, त्यावर उतारा देता येतो.

मग विचारायचं कसं? राऊंडमध्ये नाही, हे पहिलं. राऊंड झाल्यावर किंवा दुपारी भेटीची वेळ संपल्यावर एकाच माणसानं जावं, खुर्ची ओढून पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावं. तीस खाटांच्या वॉर्डात चाळीस पेशंट असतात तिथे स्वतंत्र खोली कुठली आणणार? ड्रेसिंगची खोली, ईसीजीची खोली, व्हरांड्याच्या टोकाचं बाक, काहीही चालेल, फक्त तिसऱ्या माणसाला ऐकू जाता कामा नये. दहा मिनिटं पुरतात. सुरुवात त्याच्या दुःखापासून करावी: ‘गेले काही दिवस फार कठीण गेलेत. इतका त्रास झाला की माणसाला कधीकधी जगणं नको होतं. तुम्हाला तसं झालं का?’ इथे ‘ना’ नाही, आणि तसं वाटणारा तो एकटा नाही हेही त्यात सांगून झालं.

पुढचे प्रश्न एकेक पायरी उतरत जातात. आत्महत्येचे विचार तपासण्यासाठी जगभर वापरात असलेल्या कोलंबिया स्केलचा सहा प्रश्नांचा छोटा नमुना याच क्रमाचा आहे. मराठीत तो असा बोलता येतो: झोपलो ते उठूच नये असं वाटतं का? स्वतःचा जीव घ्यावा असं मनात येतं का? कसं करायचं यावर विचार केलाय का? तसं खरंच करावं असं मनात आहे का, की विचार येतो आणि जातो? दिवस, जागा, वेळ असं काही ठरवलंय का? आणि शेवटी, आजवर कधी तसं काही केलंय का, तयारी केलीय का, गेल्या तीन महिन्यांत? दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ आलं तर मधले तीन सोडून थेट शेवटच्यावर जायचं. तो शेवटचा कधीच सोडायचा नाही.

हे प्रश्न कागदावर टिकमार्क करण्यासाठी नाहीत. बेरीज करून ‘लो रिस्क’, ‘हाय रिस्क’ असे शिक्के मारण्याची आपल्याकडे सवय आहे आणि मला ती घातक वाटते. ‘लो’ शिक्का बसला की सगळ्यांची नजर सैलावते. ब्रिटनच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी तर अशा मोजपट्ट्यांवरून पुढचं भाकीत करू नका, कमी-मध्यम-जास्त अशी वर्गवारी करून कुणाला उपचार द्यायचे ते ठरवू नका, असं सरळ म्हटलंय. प्रश्नांचा उपयोग बोलणं सुरू व्हावं आणि पुढे काय करायचं ते कळावं यासाठी.

‘हो’ आल्यावरची पहिली तीस सेकंदं फार मोलाची. तिथेच उठून ‘सरांना सांगतो’ म्हणत निघून गेलात तर तो परत तोंड उघडणार नाही. ‘असं बोलू नये, लहान मुलं आहेत तुम्हाला’ हेही तितकंच वाईट, कारण मुलांचा विचार त्यानं तुमच्या आधी हजार वेळा केलाय आणि बहुधा ‘माझ्याशिवाय त्यांचं बरं चालेल’ या निष्कर्षाला पोचलाय. ‘सांगितलंत ते बरं केलंत’ एवढं म्हणून गप्प बसावं. मग विचारावं: दिवसात सगळ्यात वाईट वेळ कुठली? तेव्हा काय होतं? काल रात्री कशानं थांबलात? आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणाला तर खोटं वचन देऊ नये. ‘जिवाशी संबंधित गोष्ट मी उपचार करणाऱ्या माणसांपासून लपवणार नाही. पण कुणाला, किती आणि कसं सांगायचं ते आपण दोघं ठरवू,’ हे खरं असतं आणि पेशंटला ते पटतं.

मुंबईत भाषेचा प्रश्न वेगळा आहे. एकाच वॉर्डात मराठी, हिंदी, भोजपुरी, गुजराती, उर्दू, तेलुगू बोलणारे असतात. सोय म्हणून आपण नातेवाइकालाच दुभाषा करतो. आता ज्या सुनेला सासरची जाचक वागणूक सांगायची आहे तिचं बोलणं नणंद कसं भाषांतरित करणार? आणि नवऱ्याला बायकोसमोर कर्जाबद्दल कसं बोलता येईल? भाषा जाणणारी सिस्टर, दुसऱ्या युनिटचा रेसिडेंट, सोशल वर्कर, कुणीही चालेल, घरचं नको. कोण कुठली भाषा बोलतं त्याची यादी इनचार्ज सिस्टरच्या टेबलाच्या काचेखाली असली तर शोधाशोध वाचते.

आता पोचवण्याबद्दल. समजा, एका पेशंटनं दुपारी आपला नवा टॉवेल आणि चपला शेजारच्याला देऊन टाकल्या. हे मावशींनी झाडताना पाहिलं. रात्री तो पांघरुणात रडत होता, हे शेजारच्या खाटेच्या नातेवाइकानं ऐकलं. भेटीच्या वेळी त्यानं बायकोला विम्याच्या कागदांबद्दल विचारलं, हे बायकोला ठाऊक आहे. बँकेची नोटीस आलीय, हे सोशल वर्करच्या डायरीत आहे. आणि गेले दोन दिवस तो अचानक शांत, हसतमुख आहे, म्हणून रेसिडेंटनं लिहिलं, ‘सुधारणा, शनिवारी घरी सोडण्यास हरकत नाही.’ पाच माणसं, पाच तुकडे. एकत्र ठेवले तर कुणीही दचकेल. एकत्र ठेवायला जागाच नाही.

मावशी आणि वॉर्डबॉय पेशंटसोबत सर्वाधिक वेळ असतात आणि त्यांना कधीच कुणी विचारत नाही. बऱ्याचदा ते सांगायला येतात तेव्हा ‘बरं बरं’ म्हणून वाटेला लावलं जातं, आणि तिसऱ्यांदा ते येत नाहीत. राऊंडच्या आधी इनचार्ज सिस्टरनं त्यांना रोज एक प्रश्न विचारावा: ‘कालपासून कुणाचं काही वेगळं दिसलं?’ रेसिडेंटांचा व्हॉट्सअॅप ग्रुप हे माहिती गडप होण्याचं दुसरं बीळ. तिथे सगळं असतं, पण सिस्टर त्या ग्रुपमध्ये नसते, आणि असूही नये, कारण पेशंटच्या खासगी गोष्टी तिथे मुळात असू नयेत. जे महत्त्वाचं आहे ते केसपेपरवर आणि शिफ्ट बदलताना तोंडी, दोन्हीकडे आलं पाहिजे.

शिफ्ट बदलतानाचं बोलणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. ‘सात नंबर शांत, तक्रार नाही, औषधं दिली’ यातून रात्रीच्या सिस्टरला काय कळलं? काहीच नाही. ज्या पेशंटवर लक्ष ठेवायचं ठरलंय त्यांच्यापुरतं तरी तीन गोष्टी बोलल्या जाव्यात. तो स्वतः काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. मागच्या शिफ्टपासून काय बदललं. आणि आता काय करायचं, कुणी, कधीपर्यंत. तेच वाक्य मग असं होतं: ‘सात नंबर. आज चार वाजता म्हणाले, घरच्यांवर ओझं झालोय, आता बस झालं. दुपारी भावाचा फोन आला, त्यानंतर जेवले नाहीत. कालपासून झोप तीन तास. रेसिडेंटना साडेचारला कळवलंय, त्यांनी येऊन पाहिलं. रात्रभर एक माणूस जवळ, दहा ते दोन तुम्ही, दोन ते सहा वॉर्डबॉय. सकाळी राऊंडला पहिला हाच पेशंट.’ बोलायला पाऊण मिनिट. असे चार पेशंट असले तर तीन-चार मिनिटं. दोन्ही सिस्टरनी ते खाटेजवळ जाऊन करावं, निदान नवीन सिस्टरनं पेशंटला नाव सांगून ‘रात्री मी आहे’ म्हणावं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत ड्युटी सोपवण्याची अशी ठरलेली पद्धत लावल्यावर उपचारांतल्या चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ती बालरोग विभागांतली गोष्ट होती, पण माहिती गळायच्या जागा सगळीकडे त्याच असतात.

अशीच गळती रेसिडेंटांचं पोस्टिंग बदलतं तेव्हा होते. तीन आठवडे एका डॉक्टरकडे मन मोकळं केलेल्या पेशंटला एक तारखेला अनोळखी चेहरा दिसतो आणि तो पुन्हा ‘नाही, काही नाही’वर येतो. जाणाऱ्यानं येणाऱ्याला खाटेपाशी घेऊन जावं आणि पेशंटसमोरच सांगावं, ‘यांना तुमचं सगळं मी सांगितलंय, ते असं असं आहे, काही राहिलं का?’

नजर ठेवण्याबद्दल थोडं. दर पंधरा मिनिटांनी पाहून तक्त्यात सही करायची, ही पद्धत कागदावर चांगली दिसते. प्रत्यक्षात सह्या शिफ्टच्या शेवटी एकदम होतात, आणि ठरावीक मिनिटाला होणारी फेरी पेशंटलाही पाठ होते. ज्याच्याबद्दल खरोखर भीती आहे त्याच्याजवळ सतत एक माणूस हवा, आणि तो माणूस त्याला ओळखणारा हवा. ब्रिटनमध्ये निरीक्षणाखाली असताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २०१५ मध्ये झाला, तेव्हा जवळपास निम्म्या घटनांत लक्ष ठेवणारा माणूस कमी अनुभवी किंवा पेशंटला नवखा होता असं निघालं. आपल्याकडे हे काम ज्याला दुसरं काही देता येत नाही त्याला देतात. तक्त्यात सहीऐवजी एक ओळ लिहायला लावली, म्हणजे ‘काय बोलणं झालं’ एवढी, तर पाहणं आपोआप बोलणं होतं. पेशंटलाही आधी सांगावं: ‘तुम्हाला शिक्षा म्हणून नाही, हे दोन दिवस तुमचा जीव सांभाळायचाय म्हणून कुणीतरी जवळ असेल. उद्या अकराला आपण मिळून ठरवू, पुढे लागतं का.’ माणसं कमी म्हणून बांधून ठेवणं हा पर्याय नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९७ने एकांतात कोंडण्यावर पूर्ण बंदी घातली आहे, आणि मनुष्यबळ कमी आहे एवढ्या कारणानं बांधता येत नाही हे त्यातच लिहिलंय.

पण खरं बोलायचं तर आपल्या जनरल हॉस्पिटलांत पहारा स्टाफ करत नाही, नातेवाईक करतो. जमिनीवर चादर टाकून झोपणारी बायको, आई, भाऊ. त्याला कुणी काही शिकवत नाही. ‘पेशंटला एकटं सोडू नका’ एवढं म्हणतात आणि त्याची सही घेतात. तो बिचारा चौथ्या रात्री बसल्या बसल्या झोपतो आणि काही झालं तर आयुष्यभर स्वतःला दोष देतो. याला माझा सक्त विरोध आहे. नातेवाइकाची सोबत ही स्टाफच्या लक्षाला जोड आहे, बदली नव्हे.

त्याला बाजूला बसवून पंधरा मिनिटं द्या. तुमच्या माणसाला आजारामुळे मरणाचे विचार येतायत, हा त्याचा हट्ट नाही, भित्रेपणा नाही. तुम्ही त्याच्याशी मरणाबद्दल बोललात तर बिघडणार नाही. तो बाथरूममध्ये गेला तर दाराशी उभं राहून मधूनमधून हाक मारा, दोनदा उत्तर आलं नाही तर सिस्टरला ओरडून बोलवा, लाज बाळगू नका. चहाला किंवा औषध आणायला जायचं असेल तर सिस्टरला सांगून जा आणि ती ‘हो’ म्हणेपर्यंत हलू नका. ‘तुझ्यामुळे घराची काय अवस्था झालीय’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी या दिवसांत नको. घरून वाईट बातमी आली, कोर्टाची नोटीस, नोकरी गेल्याचा मेसेज, तर पेशंटला सांगण्याआधी आम्हाला सांगा. आणि तुम्हाला झोप अनावर झाली तर तेही सांगा.

नातेवाइकांचीही शिफ्ट बदलते, हे तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. बायको सकाळी मुलांच्या डब्यासाठी नालासोपाऱ्याला जाते, भाऊ कल्याणहून येतो. मध्ये लोकल अडकली की दोन तास कुणीच नाही. आणि भावाला रात्री काय झालं याचा पत्ता नसतो. म्हणून खाटेच्या कपाटात शंभर पानी वही ठेवायला सांगावी. जाणाऱ्यानं तीन ओळी लिहायच्या: झोप किती, काय बोलला, काय वेगळं वाटलं. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून मग निघायचं. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर सोबत कोण, हे सिस्टरनं आधीच विचारून ठेवावं. वहीत काय लिहिलं जातं हे पेशंटला माहीत असावं. त्याच्या पाठीमागे हेरगिरी नको.

घरचे आणखी एक करतात, आणि कधीकधी डॉक्टरही: शपथ घालतात. ‘आईची शपथ घे, परत असं करणार नाहीस.’ मघाच्या त्या ७६ जणांच्या अभ्यासात २८ टक्के जणांनी ‘स्वतःला इजा करणार नाही’ असा करार केलेला होता. शपथेनं ती घालणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता मिळते, पेशंटच्या मनात एक गुन्हा वाढतो: विचार पुन्हा आला तर आता सांगताही येत नाही, शपथ मोडली असं होईल.

शपथेच्या जागी सुरक्षा योजना लिहावी. सहा भाग असतात, तीस-चाळीस मिनिटं लागतात, आणि ती पेशंटनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शब्दांत लिहायची. पहिला भाग, वादळ येतंय हे मला कशावरून कळतं: ‘संध्याकाळी दिवे लागताना पोटात खड्डा पडतो, फोन उचलावासा वाटत नाही.’ दुसरा, मी एकटा काय करू शकतो. तिसरा, कुठे गेलो, कुणाजवळ बसलो की मन वळतं, त्यांना काही न सांगताही. चौथा, कुणाला सांगून मदत मागेन, नाव आणि नंबरासकट. पाचवा, डॉक्टर, रुग्णालय, हेल्पलाइन. सहावा, घर सुरक्षित कसं करायचं. इथे घरचा माणूस सोबत हवाच, कारण औषधं कुणाच्या ताब्यात राहणार, एका वेळी किती दिवसांची घरात असणार, हे त्याच्याशीच ठरतं. सुरुवातीला एक आठवड्याचीच औषधं द्यावीत.

योजना कुठे फसते तेही माहीत आहे. डिस्चार्जच्या घाईत इंटर्न ती भरतो आणि प्रत्येकाच्या कागदावर ‘प्राणायाम करेन, संगीत ऐकेन’ हेच येतं. ज्यानं जन्मात प्राणायाम केला नाही तो रात्री दोनला करणार आहे का? ‘खाली उतरून टपरीवरच्या मित्राशी क्रिकेटवर बोलेन’ हे शंभरपट खरं. मग विचारायचं, टपरी रात्री बंद असली तर? मित्र गावाला गेला असला तर? प्रत्येक ओळीला ‘हे जमेल का, काय आडवं येईल’ असं विचारलं की योजना वापरण्याजोगी होते. एक प्रत पाकिटात, एक केसपेपरला, एक फोटो बायकोच्या मोबाइलमध्ये. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, इमर्जन्सी विभागात अशी योजना लिहून घेऊन नंतर फोनवर पाठपुरावा केला, तेव्हा सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृती नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ४५ टक्के कमी दिसल्या, असं २०१८ मध्ये छापलं गेलं. तिथे फोन होता, हे विसरू नये.

कारण सगळ्यात धोक्याचा काळ वॉर्डाच्या दाराबाहेर सुरू होतो. अनेक देशांतल्या अभ्यासांची २०१७ मध्ये जुळणी केली तेव्हा मानसोपचार वॉर्डातून सुटल्यावर पहिल्या तीन महिन्यांत दर लाख व्यक्ती-वर्षांमागे (एक माणूस एक वर्ष पाहिला की एक व्यक्ती-वर्ष) १,१३२ आत्महत्या असा दर निघाला, सुटल्यानंतरच्या सबंध काळाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. ब्रिटनच्या नोंदींत सुटल्यानंतरचा तिसरा दिवस सर्वाधिक मृत्यूंचा निघाला, आणि म्हणून तिथे ७२ तासांच्या आत संपर्क हा नियम झाला. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर ‘१५ दिवसांनी ओपीडीत दाखवणे’ असतं.

आपल्या परिस्थितीत काय जमेल? कार्ड देण्याआधी पेशंटचा आणि दोन घरच्यांचा नंबर घेऊन तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन तपासावा. चुकलेला एक आकडा सगळं बुडवतो. ओपीडीची तारीख सात दिवसांच्या आतली, वार, वेळ, खोली नंबर, कुणाला भेटायचं त्याचं नाव, हे मराठीत किंवा पेशंट वाचतो त्या भाषेत लिहावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कार्डावर ठळक असावा. ऑक्टोबर २०२२पासून ती सेवा चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हे वाचताना स्वतःच्या मनात असं काही चालू असेल तर तो नंबर तुमच्यासाठीही आहे, आजच लावा.

आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोशल वर्करनं किंवा सिस्टरनं फोन करायचा, पाच मिनिटं. ‘वॉर्डातून बोलतेय, सहज चौकशी. झोप? औषधं मिळाली का, कुठली सुरू आहेत? वॉर्डात मरणाबद्दल बोलला होतात, तसं घरी आल्यावर वाटलं का? योजनेचा कागद कुठे ठेवलाय? बुधवारी येणार, सोबत कोण?’ उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा, मग घरच्या नंबरावर. एवढ्याशा गोष्टीत किती दम आहे ते जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या प्रयोगात दिसलं. त्यातलं एक केंद्र आपलं चेन्नई होतं. प्रयत्न करून इमर्जन्सी विभागात आलेल्या १,८६७ लोकांपैकी अर्ध्यांशी एक तास बोलून पुढे अठरा महिन्यांत नऊ वेळा फोनवर किंवा भेटून संपर्क ठेवला. आत्महत्येनं झालेले मृत्यू त्यांच्यात ०.२ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के.

सल्ल्याविरुद्ध घरी जायचंय म्हणणाऱ्यांशी आपण सगळ्यात वाईट वागतो. फॉर्म पुढे सरकवला, सही घेतली, विषय संपला. स्वेच्छेनं दाखल झालेला पेशंट जायचं म्हणाला आणि त्याच्या जिवाला धोका वाटला, तर त्याच कायद्याच्या कलम ८८नुसार तपासणीसाठी चोवीस तास थांबवता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. पण कायद्याआधी एक प्रश्न विचारावा: ‘आजच का?’ उत्तरं साधी असतात. रोजंदारी बुडतेय. मुलीची परीक्षा आहे. शेजारचा पेशंट रात्रभर ओरडतो. नव्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं. यातल्या बऱ्याच गोष्टी खाट बदलून, एक फोन करून, माफी मागून सुटतात. तरीही गेलाच, तर सुरक्षा योजना, आठवड्याची औषधं, ओपीडीची तारीख आणि तिसऱ्या दिवसाचा फोन हे सगळं त्यालाही द्यायचं, आणि ‘कधीही परत या, कुणी रागावणार नाही’ हे दारापर्यंत जाऊन सांगायचं.

वॉर्डात प्रयत्न झाला किंवा मृत्यू झाला तर पहिला तास बहुधा ‘ड्युटी कुणाची होती’ यात जातो. त्याच वेळी उरलेले तीस-चाळीस पेशंट खाटांवर बसून सगळं पाहत असतात, आणि त्यांतल्या काहींच्या मनात तेच चाललेलं असतं. त्यांना त्याच दिवशी, कसं झालं याचा तपशील न देता, काय झालं ते सरळ सांगावं आणि रात्र व्हायच्या आत प्रत्येकाजवळ पाच मिनिटं बसावं. शेजारच्या खाटेपासून सुरुवात करावी.